माशांसाठी शिळं पाणी

मासे सुस्त झालेत हे घरात सगळ्यात आधी अक्काच्या लक्षात आलं. माझ्या लक्षात यायचं काही कारणच नव्हतं. सकाळी साडेसहाला मी शाळेसाठी बाहेर पडायचे, दुपारी परत यायचे, जेवायचे आणि मोबाइलवर माहिती भरत बसायचे. किती मुलांची आधार कार्डं जुळली, किती मुलांनी खिचडी खाल्ली, किती मुलांच्या घरी संडास आहे. शिकवणं सोडून बाकी सगळं आम्हा शिक्षकांकडून करून घेतात, हे मी इतक्या वेळा बोलले आहे की आता त्याचाही कंटाळा येतो. तर त्या दिवशी मी अशीच सोफ्यावर पाय पसरून पडले होते आणि टँकसमोर पाटावर बसलेली अक्का म्हणाली, "हाऊ मासा दोन दिनपासून हालना नही व."

मी मान वर न करता म्हटलं, "झोपला असेल."

"दोन दिनपासून कोन झोपस?"

प्रश्न बरोबर होता. मी मोबाइलवर पुढचा रकाना भरला.

अक्का म्हणजे माझी सख्खी बहीण, नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा माझी वेणीफणी करून मला शाळेत धाडणारी तीच. तिला शिंदखेड्याच्या पुढे एका गावात दिली होती. मूलबाळ झालं नाही. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी भाऊजी गेले आणि सव्वा महिना झाल्यावर मी तिला धुळ्याला, देवपुरातल्या माझ्या घरी घेऊन आले. गावातल्या घरात आता पुतण्यांचं राज्य. तिच्या वाट्याला मागची एक खोली होती, त्यातल्याही अर्ध्या जागेत ढेपेची आणि खताची पोती रचलेली. तिथे तिला एकटीला सोडून यायला माझा जीव धजला नाही.

फिश टँक यजमानांनी आणलेला. ते बोदवडला बँकेत आहेत, शनिवारी येतात, सोमवारी पहाटे जातात. मुलगी लग्न होऊन गेल्यावर घर फारच ओकंबोकं झालं, तेव्हा एका शनिवारी ते जळगावहून हे काचेचं धूड घेऊन आले. "मी नसतो, तर घरात हलतं-फिरतं काहीतरी असावं," म्हणाले. नवऱ्याच्या बदल्यात वीसेक मासे. सौदा वाईट नव्हता, मासे निदान भाजीला नावं ठेवत नाहीत. डझनभर गप्पी, चार काळ्या मॉली, दोन चपटे चंदेरी गोरामी आणि तळाशी वाळू चिवडत हिंडणारे तीन मिशीवाले. अशा वेगवेगळ्या जाती एकाच पाण्यात ठेवल्या की दुकानदार त्याला कम्युनिटी टँक म्हणतात.

अक्का आली तेव्हा पहिले चार दिवस ती काहीच बोलली नाही. अर्धी भाकरी मोडायची आणि तीही ताटात ठेवून उठायची. पाचव्या दिवशी ती टँकसमोर जाऊन बसली आणि तिने विचारलं, "यासनं कोन करस?" मी म्हटलं, मीच करते, जमेल तसं. तिने सगळं नीट विचारून घेतलं: दाणे किती, केव्हा, पाणी कधी बदलायचं. मी तिला एवढंच सांगितलं की आठवड्याला थोडं पाणी काढायचं आणि थोडं घालायचं. शाळेत आम्ही एकमेकांना चार्ज देतो तसा मी तिला माशांचा चार्ज देऊन टाकला. माझ्या डोक्यावरचं एक काम कमी झालं याचाच मला आनंद होता.

आणि तिने ते काम मनापासून केलं, हे मी सांगितलं पाहिजे. महिन्याभरात टँक असा लख्ख झाला की काच आहे की नाही कळू नये. पाणी तर असं निवळ की तळाचा दाणा न् दाणा मोजावा. मी तोंड भरून कौतुक केलं. अक्का भाऊजी गेल्यानंतर पहिल्यांदा थोडी हसली. त्यानंतर ती एक भाकरी पूर्ण खायला लागली.

मग पौषाची थंडी पडली आणि मासे मंदावले. आधी गोरामी एका कोपऱ्यात पर मिटून पडून राहायला लागला. मॉल्या वर येऊन पाण्याच्या कडेला तोंडाची उघडझाप करायच्या. गप्पी दाण्यांकडे बघायचे आणि परत फिरायचे. अक्काचं जेवण पुन्हा कमी झालं. तेव्हा कुठे मी लक्ष घातलं, आणि लक्ष घातलं म्हणजे काय, तर औषध आणलं. घरात कोणी आजारी पडलं की आधी औषध आणायचं आणि मग काय झालंय ते विचारायचं, अशी आमची पद्धत. शाळेच्या रस्त्यावरच्या एका दुकानातून निळ्या औषधाची बाटली आणली, दुकानदाराने सांगितले त्याहून चार थेंब जास्तच टाकले. सगळा टँक निळाशार झाला. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मोठा गोरामी मेला.

अक्काने त्याला कढीपत्त्याच्या आळ्यात पुरलं. हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "मन्हा हातले यश नही व बहीन. मी सोमवारले गावले जासू."

मी म्हटलं, काहीतरीच काय, एका माशावरून कोणी घर सोडतं का? ती आत निघून गेली. थोड्या वेळाने पाहिलं तर ती आपल्या पिशवीत लुगडी भरत होती.

ती एका माशाबद्दल बोलत नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. आठ महिने तिने भाऊजींचं केलं. अळणी खिचडी, मोजून पाणी, वेळच्या वेळी गोळ्या, पाय चेपणं, अंथरूण बदलणं. आणि ते गेले. तेराव्याला जमलेल्या बायकांत कोणीतरी म्हणालं होतं, एवढं करूनही हाताला यश नाही आलं बिचारीच्या. बोलणारी बोलून गेली. अक्काने ते वाक्य उचललं आणि गाठीला बांधलं.

आता मला इथे माझं सांगावं लागेल. भाऊजींच्या पोटात पाणी झालं तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरांकडे त्यांना मीच नेलं होतं. कागद वाचू शकणारी घरात मीच. पहिल्याच खेपेला डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावून सांगितलं की लिव्हर पार गेलंय, आता आपल्या हातात फार काही नाही, त्यांना जे आवडतं ते खाऊ घाला. या वाक्याचा अर्थ काय हे कोणालाही कळतं. बाहेर बाकावर अक्का भाऊजींना टेकवून बसली होती. तिने विचारलं, काय सांगं? मी म्हटलं, पथ्य पाळायचंय, गोळ्या दिल्यात, वेळ लागेल.

तिच्या भल्यासाठी मी खोटं बोलले, असं मी यजमानांना सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. त्या दिवशी मी थकलेली होते, दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी होती, आणि त्या बाकावर बसून अक्काचं रडणं सांभाळायची ताकद माझ्यात नव्हती. नंतर सांगू म्हटलं. नंतर प्रत्येक वेळी ती इतक्या आशेने विचारायची की ते राहून गेलं. आठ महिने राहून गेलं. आणि आता ती सोमवारी जाणार होती, स्वतःच्या हाताला दोष देत, आणि तो दोष तिचा नाही हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेली मी एकटीच होते.

आणखी एक गोष्ट. पिशवी भरताना तिला पाहून माझ्या मनात क्षणभर आलं की जाऊ दे, जाते तर. एक माणूस कमी म्हणजे एका माणसाचं दुःख कमी. असं मला वाटलं, आणि मग स्वतःचीच इतकी किळस आली की मी उठून तोंड धुतलं.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी घरी न जाता पांझरेचा पूल ओलांडून गावात गेले. तिथे एका गल्लीत माशांचं जुनं दुकान आहे. दुकानदार साठीच्या पुढचे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. दुकान म्हणजे दोन्ही भिंतींना काचेच्या पेट्या आणि मधे एक स्टूल, त्यावर ते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, दवा मछलीने मागितली होती का?"

मला राग आला. दिवसभर पन्नास पोरांचं ऐकून आलेल्या बाईशी असं बोलू नये. पण चाचा शांतपणे पुढे म्हणाले, "मछली बीमार नसते, आधी पाणी बीमार असतं. पाणी कोण बदलतं तुमच्याकडे?"

"माझी बहीण."

"कसं बदलते?"

दोन महिने अक्का माझ्या घरात पाणी बदलत होती आणि ती ते कसं करते हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

"आधी ते बघून या," चाचा म्हणाले. "मग दवाचं बोलू."

गुरुवारी दुपारी नळ आला. आमच्या कॉलनीत नळ आठ-दहा दिवसांनी येतो, त्यामुळे नळाचा दिवस म्हणजे सणच. सगळ्या गल्लीत मोटारी सुरू, पायऱ्यांवर पाइप, बाया कासोटा खोचून तयार. मी शाळेतून आले होते. एरवी मी अशा वेळी आतल्या खोलीत कडी लावून पडते. त्या दिवशी मागच्या दारात स्टूल टाकून बसले आणि अक्काला बघत राहिले.

तिने पहिल्यांदा दोन्ही ड्रममधलं उरलेलं पाणी ओतून दिलं. आठ दिवस थेंब थेंब जपून वापरायचं आणि नळ आला की उरलेलं शिळं म्हणून ओतून द्यायचं, ही आमच्याकडची रीतच आहे. ड्रम घासले, नवं पाणी भरलं. त्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास येत होता, दवाखान्याच्या फरशीला येतो तसा. मग माशांसाठी दोन बादल्या वेगळ्या घेतल्या. कमरेच्या पिशवीतून तुरटीचा खडा काढला. मुठीएवढा. आणि प्रत्येक बादलीत तो पाण्याखाली धरून गरागरा फिरवायला लागली. ओठ हलत होते, ती फेरे मोजत होती. वीस झाले, तीस झाले. ड्रमला आम्ही चार-पाच फेरे देतो. बादलीला तीस.

चाचांकडून येताना मी ठरवलं होतं की काहीही दिसलं तरी गोडीत बोलायचं. आणि मी स्टूलवरून ओरडले, "अक्का, थांब! काय करतेस हे?"

ती दचकली. खडा बादलीत पडला. "पानी निवाळी ऱ्हायनू," ती म्हणाली. "शिळं पानी पाव्हनासले देतस का कोनी? हाई तर मुके जीव शेतस."

मी तिच्यासमोरच चाचांना फोन लावला आणि मोबाइल मोठ्या आवाजावर ठेवला. तुरटी, म्हणजे फिटकरी, म्हटल्याबरोबर पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग चाचा म्हणाले, "पाणी काच होतं मॅडम, पण मछलीच्या कल्ल्यात ती चरचरते. वरून नळाची ताजी पावडर. वरून तुमची निळी दवा. एवढं सोसून जगल्या त्याच खूप." मग म्हणाले, "ते शिळं पाणी फेकता ना तुम्ही, तेच त्यांना पाहिजे. आठ दिवस ठेवलेलं, तुरटीशिवाय."

मी फोन ठेवला. अक्काकडे बघायची माझी छाती होत नव्हती. आता ती रडणार, आता सोमवारपर्यंतही थांबणार नाही, असं मी गृहीत धरलं. ती ओल्या पायाने पायरीवर बसली. बादलीतल्या खड्याकडे बघत म्हणाली, "म्हनजे तुरटी व्हती?"

"हो."

"मन्हा हात नही?"

"हात कसला अक्का, तुरटी. आणि माझं औषध."

तिने एक मोठा श्वास सोडला. तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्याला मी दुसरं नाव देऊ शकत नाही, तो सुटकेचा आनंद होता. चूक झाली होती, आणि चूक सुधारता येते. ती उठली, खडा बादलीतून काढून खिडकीत ठेवला, लुगड्याला हात पुसले आणि विचारलं, आता काय करायचं?

मी म्हटलं, "मासे बरे होईपर्यंत थांब. मला हे एकटीला झेपणार नाही."

"थांबसू," ती म्हणाली. पिशवी मात्र तिने उघडली नाही.

चाचांनी सांगितलेले उपाय म्हणजे खरं तर काही न करण्याचेच उपाय होते. टँकचा दिवा बंद ठेवायचा. वर एक जुना टॉवेल टाकायचा, म्हणजे उजेड आणि माणसांची ये-जा त्यांना दिसत नाही. दोन दिवस दाणा बंद. मला वाटलं मासे उपाशी मरतील, चाचा म्हणाले, उपासाने मछली मरत नाही मॅडम, भरवून मरते. हवेचा पंप चालू ठेवायचा. आणि पाणी एकदम बदलायचं नाही. रोज दोन तांबे काढायचे आणि दोन तांबे शिळं पाणी घालायचं, तेही धारेने नाही, वाटीवाटीने, काचेला लावून. मी मीठ टाकू का विचारलं, कारण मोबाइलवर तसं वाचलं होतं. चाचा म्हणाले, मीठ मॉलीला मानवतं, तळाच्या मिशीवाल्यांना नाही. एका पाण्यात चार जाती राहतात म्हटल्यावर सगळ्यांना सोसेल तेवढंच करायचं.

शिळं पाणी मिळवायलाही कष्ट पडले. आमच्या घरातलं सगळं नुकतंच मोरीत गेलेलं. अक्का शेजारणीकडे गेली आणि मागच्या नळाचं, तुरटी न लावलेलं पाणी आहे का म्हणून विचारलं. शेजारणीने टाकीच्या तळाचं दोन बादल्या पाणी दिलं आणि नंतर मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, अक्का बऱ्या आहेत ना? नवं पाणी सोडून शिळं मागत होत्या. मी म्हटलं, बऱ्या आहेत, मासे आजारी आहेत. त्यावर तिने माझ्याकडेही त्याच काळजीने पाहिलं.

आमच्या शाळेच्या आवारात जंगली बदामाचं झाड आहे. त्याचं वाळलेलं तांबूस पान धुऊन पाण्यात सोडायचं, असंही चाचांनी सांगितलेलं. मी चार पानं पर्समध्ये घालून आणली. पाणी चहासारखं पिवळसर झालं. आमच्या त्या लख्ख टँकची रया गेली, यजमान शनिवारी येऊन म्हणाले, हे काय, गटार केलंत का? पण त्या गढूळ पिवळ्या पाण्यात मासे हळूहळू पर उघडायला लागले. तिसऱ्या दिवशी अक्काने एक मटार उकडला, साल काढली आणि नखाने त्याचे कण करून टाकले. गप्पी आले. एकाने कण तोंडात घेतला, थुंकला, पुन्हा घेतला. अक्का माझ्याकडे बघून म्हणाली, "खाई ऱ्हायना व!"

तिला ते करताना मी बघत होते. वाटी काचेला टेकवून ती पाणी असं सोडायची की वाळूचा कण हलत नसे. टॉवेलचं टोक उचलून आत बघायची आणि तसंच अलगद खाली ठेवायची. भाऊजींचं तिने असंच केलं असणार. मी तर फक्त रविवारी जायचे, फळं ठेवायचे, रिपोर्ट वाचायचे, आणि परतीच्या एसटीत झोपायचे.

दहा-बारा दिवसांत सगळे हिंडायला लागले, एक मॉली सोडून. ती सगळ्यात जुनी, पाठ वाकलेली. तळाशी पडून असायची. अक्का म्हणाली, मला त्या दुकानात घेऊन चल. रिक्षा केली. अक्काने मॉलीला पाण्याच्या डब्यात घेतलं होतं, पूलभर ती मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी धरून बसली होती.

चाचांनी डबा उजेडाकडे धरला. बघितलं. मग अक्काला म्हणाले, "अक्का, ही म्हातारी झाली. तुमची काही चूक नाही. ही बरी होणार नाही."

"काहीच उपाय नही?"

"आता दवा नको, उपास नको. जे आवडीने खाते ते खाऊ द्या. चार दिवस राहील, आठ दिवस राहील. आरामात राहू द्या."

मी अक्काकडे पाहिलं. मला वाटलं आता ही कोसळते. ती म्हणाली, "बरं." डब्याचं झाकण लावलं, चाचांना हात जोडले आणि दुकानाची पायरी उतरली. जे सांगायला मला आठ महिने पुरले नाहीत, ते एका परक्या माणसाने दोन वाक्यांत सांगितलं आणि तिला ते झेपलं.

घरी आल्यावर तिने मॉलीला पुन्हा पाण्यात सोडलं. मटार उकडला, आणि चमच्यात कण घेऊन चमचा तळापर्यंत नेला, थेट तिच्या तोंडाशी. मॉलीने दोन कण खाल्ले. अक्का तिच्याकडे बघत म्हणाली, "चाचानी सांगी दिधं ते बरं करं. माहीत पडनं म्हनजे मानूस नीट वागस."

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. शाळेत शिकवून माझी बोली पुस्तकी झाली आहे, अक्काशीही मी तशीच बोलते. त्या दिवशी मात्र घरची बोली आपोआप तोंडात आली.

"अक्का, भाऊजीसनं डॉक्टरनी माले सांगेल व्हतं. त्या वाचाव नही, त्यासले जे आवडस ते खावाले द्या, असं. मी तुले सांगं नही. तुना हातना काही दोष नही, अक्का. कधीच नव्हता."

चमचा पाण्यातच राहिला. ती माझ्याकडे वळली नाही.

"कधी सांगं त्यासनी?"

"पयल्याच दिवशी."

ती विचार करत होती. महिने मोजत होती असं मला वाटलं. मग तिने चमचा बाहेर काढला, ताटलीत ठेवला आणि म्हणाली, "पयल्याच महिनामा त्यासनी भरीत मांगं व्हतं. एक घास. मी तुले फोन करा, देऊ का म्हनीसन. तू सांगं, देऊ नको, पथ्य पाळ."

तो फोन मला आठवला. मी शाळेच्या व्हरांड्यात होते, तास सुरू व्हायचा होता. दे म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, पथ्याचं काय? आणि मग सगळंच सांगावं लागलं असतं. म्हणून मी म्हटलं होतं, नको, डॉक्टर नको म्हणालेत.

"त्यासनी मन्हापुढे हात जोडात," अक्का म्हणाली. "बाजूना घरमा वांगं भाजेल व्हतं, त्याना वास येई ऱ्हायंता. हात जोडात. तरी मी नही दिधं. मी त्यासले रागे भरनू."

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो काढून घेतला.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. काम सगळं करत होती, माशांचं पाणी वाटीवाटीने घालत होती, माझा डबाही भरून देत होती. पिशवी भिंतीशी तशीच भरलेली. मी शाळेतून येताना रोज जिन्यातच थांबायचे, घरातून भांड्यांचा आवाज येतोय का ते ऐकायचे आणि मग वर जायचे. तिसऱ्या दिवशी मी जेवायला बसले तेव्हा तिने भाकरी वाढली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "तू बहीन शे मन्ही. तूच ऱ्हायनी आते. म्हनीसन मी हाई घरमा ऱ्हासू. पन हाई गोट मी इसराव नही."

मी म्हटलं, "नको इसरू."

त्या शनिवारी यजमान आले ते जळगावजवळच्या असोद्याची भरताची वांगी घेऊन. त्या भरिताच्या घासाचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. "अक्का, उद्या भरीत होऊ द्या तुमच्या हातचं," म्हणाले. मी त्यांना थांबवायला तोंड उघडलं, पण अक्काने वांग्यांची पिशवी त्यांच्या हातातून घेतलीही होती. रविवारी तिने गच्चीवर कपाशीच्या काट्या पेटवून वांगी भाजली, मिरच्या ठेचल्या, कांद्याची पात घातली, शेंगदाणे घातले. आमची दोघांची ताटं वाढली. माझ्या ताटात तिने पुन्हा एकदा वाढलं, मी नको म्हणत असताना.

यजमानांनी विचारलं, "अक्का, तुम्ही नाही घेत?"

"माले नको," ती म्हणाली, आणि माझ्यासमोर बसून राहिली. मी ताटातलं सगळं भरीत संपवलं.